ज्योतीचा हेवा

मिरज स्टेशनवर ज्योती धावत आली, तेव्हा गाडीनं शिट्टी दिली होती. ड्युटीवरून अर्ध्या तासाची सुट्टी काढून ती आली होती. अंगात हॉस्पिटलचा फिकट निळा कोट, गळ्यात ओळखपत्र. कोट माझाच होता, तिला खांद्यात सैल होत होता. तिनं खिडकीतून डबा आत दिला.

"वहिनी, दशम्या आहेत. आईंनी केल्यात. आणि ते डायलिसिसचे पेशंट असतात ना, त्यांची नोंद वेगळी करायची की सगळ्यांबरोबर?"

"वेगळी. आणि त्यांना उभं ठेवायचं नाही. नाव विचारायच्या आधी बसायला सांगायचं," मी खिडकीच्या गजांतून सांगत होते, तोवर गाडी हलली. ती चार पावलं बरोबर चालली आणि मग घड्याळ बघून मागे वळली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायला तिला वेळ नव्हता. सगळ्यात आधी मला तिच्या त्या घाईचा हेवा वाटला. माझ्यासमोर रात्रभराचा प्रवास होता आणि पोचल्यावर कुठंही वेळेवर जायचं नव्हतं.

ज्योती माझी धाकटी जाऊ. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीवर मी लग्नाआधीपासून काम करत होते. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बेंगळुरूला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात बढतीवर बोलावलं आणि मला राजीनामा द्यावा लागला. तेव्हा माझ्या जागेसाठी मीच ज्योतीचं नाव सुचवलं. ती बी.कॉम. होती, घरी बसून होती. सगळ्यांना ते फार शहाणपणाचं वाटलं. एका आईला सोडून. माझी आई नेहमी म्हणायची, "सुनंदा, नोकरी म्हणजे तुझं दुसरं माहेर. तिथं तुला कुणी अमक्याची सून म्हणून हाक मारत नाही." मी राजीनामा दिला ते कळल्यावर ती नुसती भांडी घासत राहिली.

मिरजेतल्या बायका मला फोनवर म्हणायच्या, "मजा आहे बाई तुझी, काय ती हवा!" त्यांना वाटायचं, मागे राहिलेल्यांनी गेलेल्यांचा हेवा करायचा असतो. माझं उलट झालं. इथली हवा खरंच छान होती, पण सुधीर आणि मुलगा बाहेर पडले की त्या छान हवेत मी एकटीच असायचे. खालच्या दुकानात 'स्वल्प कोथिंबीर' आणि 'सरी', म्हणजे बरं, एवढंच माझं दिवसभराचं बोलणं. मिरजेत मात्र सकाळच्या रांगेतला अर्धा गाव माझ्याशी बोलायचा.

आणि मग हॉस्पिटलमध्ये कॉम्प्युटर आले. जाड रजिस्टरं गेली, सगळ्यांना ट्रेनिंग दिलं गेलं. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्योतीचा फोटो आला, समोर स्क्रीन, कानाला हेडफोन. सासूबाई प्रत्येक फोनवर सांगायच्या, "आपली ज्योती आता सगळं कॉम्प्युटरवरच करते हो." त्या 'आपली'मध्ये मीही होते, तरी ते मला टोचायचं. पुढं तिला काउंटरची सुपरवायझर केलं. मी ग्रुपवर टाळ्यांचं चिन्ह टाकलं आणि ग्रुप म्यूट केला. पोळी लाटताना मनात एकच यायचं, मी तिथं असते तर त्या फोटोत मी असते.

सुधीर एकदा म्हणाला, "अगं, मग तूही शीक की." तो सहज म्हणाला. मला मात्र ते झोंबलं, कारण त्याला काहीच सोडावं लागलं नव्हतं. पण दुसऱ्याच दिवशी मी शोधायला लागले.

एचएसआर लेआउटमध्ये एका सभागृहाच्या वरच्या मजल्यावर बायकांसाठी दुपारचा वर्ग चालायचा. काही वर्षं घरी बसून आता पुन्हा नोकरी करू पाहणाऱ्या आम्ही सगळ्या. शिकवणारे पाटील सर बेळगावकडचे, वयानं माझ्या मुलापेक्षा थोडे मोठे असतील. माझं नाव ऐकताच मराठीवर आले. पहिल्या दिवशी माझा हात बघून म्हणाले, "अक्का, त्या माउसला इतकं घट्ट धरू नका की हो. पळून जात न्हाई तो."

माझ्या शेजारी विमलाक्का बसायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूतलं. घरी मराठी, पण अर्धे शब्द कन्नड. "आमच्या मराठीला नगू नका हां," असं आधीच सांगून टाकायच्या. नगू म्हणजे हसू. त्यांना कन्नड, तमिळ, हिंदी, सगळं यायचं. रिक्षावाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांच्याशी घरच्यासारखे बोलायचे. मला त्यांचाही हेवा वाटायचा. पण तो घरी जाईपर्यंत विरून जायचा. ज्योतीचा तसा विरत नव्हता.

खरं सांगते, मी शिकले ती त्या हेव्यावर. टायपिंग करताना बोटं दुखायला लागली की डोळ्यांसमोर ज्योतीची बोटं यायची. एक्सेलमध्ये माझी बेरीज चुकली की वाटायचं, हे तिनं बघितलं तर काय म्हणेल. ती काहीच म्हणाली नसती. तेच तर माझं दुखणं होतं.

वर्ग संपत आला तेव्हा विमलाक्कांनी बातमी आणली. बेळ्ळंदूरच्या एका रक्त तपासणीच्या सेंटरला फ्रंट डेस्कवर बाई हवी होती. त्यांच्या ओळखीतून मला एक दिवसाची ट्रायल मिळाली. पण अडचण अशी, की तिथलं सगळं काम पेशंट नोंदणीच्या सिस्टिमवर होतं आणि वर्गात आम्ही ती कधी पाहिलीही नव्हती. पाटील सर म्हणाले, "ते मला बी येत न्हाई, अक्का. हॉस्पिटलात काम करणारं कुणी ओळखीचं हाय का बघा."

होतं की. दोन दिवस मी फोन हातात घेत होते आणि ठेवत होते. शेवटी रविवारी दुपारी ज्योतीला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाले, "माझ्या एका शेजारणीला ट्रायल द्यायचीय. तिला जरा नोंदणीचं शिकवशील?"

ज्योतीनं लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाली, "शिकवते की. आहेत का त्या जवळ?"

"नाही. बाहेर गेलीय."

"मग असं करू. तुम्हीच करून बघा, म्हणजे त्यांना नीट सांगता येईल."

तिच्याकडे ट्रेनिंगच्या वेळची सरावाची प्रत होती. ती लॅपटॉपवर उघडून तिनं स्क्रीन मला दाखवली. नवा पेशंट कसा घालायचा, जुना कसा शोधायचा, एकाच नावाचे दोघं आले तर फोन नंबरावरून कसं ओळखायचं, चुकीच्या नावावर तपासणी चढली तर ती लपवायची नाही, लगेच रद्द करून शेरा लिहायचा. मी अडखळले की थांबायची. पुन्हा तेच विचारलं तरी तिचा आवाज तसाच. मध्येच म्हणाली, "आणि त्यांना सांगा, नाव विचारायच्या आधी बसायला सांगायचं." माझंच वाक्य ती मला शिकवत होती. ते माझं आहे हे बहुतेक तिच्या लक्षातही नव्हतं, इतकं ते तिचं झालं होतं. मी मान खाली घालून 'हो' म्हणाले.

तिनं ओळखलं होतं. पहिल्या वाक्यालाच ओळखलं असणार. पण दुपारभर तिनं ती शेजारीण सांभाळली, एकदाही हसली नाही. फोन ठेवताना म्हणाली, "त्यांना म्हणावं, घाबरू नका. हात आपोआप चालतात." ती हुशार आहे हे मी गिळलं होतं. ती मनानंही माझ्यापेक्षा मोठी असावी, हे मात्र घशाखाली उतरेना.

ट्रायलच्या सकाळी सेंटर उपाशीपोटी आलेल्या माणसांनी भरलं होतं. तासाभरातच माझ्या हातून एका लक्ष्मम्मांची तपासणी दुसऱ्या लक्ष्मम्मांच्या नावावर चढली. मी उठून मॅनेजर बाईंना सांगितलं, "मॅडम, मुझसे गलती हुई है," आणि त्यांच्यासमोरच नोंद रद्द करून शेरा लिहिला. त्यांनी तो शेरा वाचला. दुपारी म्हणाल्या, "सोमवार से आ जाइए."

मी मिरजेला फोन लावला. "ज्योती, शेजारणीला नोकरी लागली."

"लागणारच," ती म्हणाली. "मिरजेच्या आहेत ना त्या." आणि मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की सासूबाईंनी पलीकडून विचारलं, काय झालं गं.

हेवा इथं संपला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. दिवाळीला मिरजेला गेले तेव्हा सासूबाईंच्या तपासणीसाठी हॉस्पिटलात जावं लागलं. रांगेतली माणसं 'ज्योतीताई, ज्योतीताई' करत होती. दोघातिघांनी मला ओळखलं, तेही "तुम्ही ज्योतीताईंच्या जाऊबाई ना?" असं विचारत. मी हो म्हणाले. संध्याकाळी माहेरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग आता परत जाशील तिथं तुला काय म्हणतात?"

"सुनंदाक्का," मी म्हणाले. आई पहिल्यांदाच बेंगळुरूचं काही ऐकून हसली.

परत कामावर आले तर माझ्या रजेत कविता नावाची नवी मुलगी घेतली होती. दर महिन्याला साखर तपासायला येणारे कृष्णमूर्ती काका माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायचे. मी "स्वल्प कूतकोळ्ळी" म्हणून त्यांना खुर्ची दाखवली की ते माझे उच्चार सुधारायचे. त्या सकाळी ते कवितापुढं उभे राहून तिच्याशी अस्सल कन्नडमध्ये गप्पा मारत होते आणि खदाखदा हसत होते. माझी खिडकी रिकामी होती. मला इतका राग आला, की पुढच्या माणसाचं नाव मी दोनदा चुकीचं टाइप केलं.

संध्याकाळी बसमध्ये बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले असताना मी ज्योतीला हे सगळं सांगितलं. या वेळी शेजारणीचं नाव न घेता.

ती म्हणाली, "वहिनी, एवढं लागलं म्हणजे तुम्ही आता तिथल्या झालात."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती होत्या. त्यांतून माझ्यापेक्षा कितीतरी शिकलेल्या, कमावत्या मुली रोज बाहेर पडतात. मला त्यांचा कधी हेवा वाटला नाही. कविताचा वाटला. ज्योतीचा तर इतकी वर्षं वाटतोय. माझं असं जिथं काही असतं, तिथंच माझ्या पोटात दुखतं. माझी घरं मला आता एवढ्यावरूनच ओळखता येतात, आणि ती दोन आहेत.

"काय जेवलात आज?" मी ज्योतीला विचारलं.

"आईंनी शेंगोळे केले होते."

उद्या मी कविताला काकांचा जुना रिपोर्ट कसा शोधायचा ते दाखवीन, आणि ती मला माझे कन्नड उच्चार सुधारून देईल. तिचं नि माझं हळूहळू जमेल. पण सासूबाईंच्या हातचं ज्योती रोज गरम गरम जेवते, तो हेवा मला घालवायचा नाही. तो गेला, तर मिरजेशी माझं काय उरेल?