धुराचा वाटा

दोन हजारनंतरची गोष्ट. वरून कागद आला की नाशिक विभागातल्या एसटी गाड्यांचा कार्बन कमी करायचा. कार्बन मोजणं आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून साहेबांनी त्याचं सरळ डिझेल करून टाकलं: प्रत्येक डेपोने सारख्या टक्क्याने डिझेल वाचवायचं. मी तेव्हा पेठचा डेपो मॅनेजर. माझं डोकंच फिरलं. आमच्या गाड्या घाट चढणार. एवढं डिझेल वाचवायचं तर फेरीच बंद करावी लागणार. बंद होईल अशी एकच होती, डोंगरातल्या पाड्यावर रात्री मुक्काम करून पहाटे परतणारी. पण त्याच गाडीने पाड्यावरच्या मुली पेठला कॉलेजात यायच्या. गाडी गेली की त्यांचं शिक्षण संपलं.

नाशिकच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. येवल्याचे मॅनेजर माझे जुने दोस्त, पण तिथे दोस्ती बाजूला.

"सारखं म्हणजे सारखं," ते म्हणाले. "तुमच्या गाड्या लय धूर सोडतात, त्याला आम्ही काय करायचं?"

"तुमचा रस्ता ताटासारखा सपाट. एकदा आमच्या घाटात गाडी घालून दाखवा."

आवाज चढले तसे साहेबांनी जेवायला सोडलं.

आमची रीत अशी की सगळे डबे मधोमध उघडायचे. मी घाईत निघालेलो, डबा आणलाच नव्हता. येवलेकरांनी पोळ्या आणि वांग्याची भाजी माझ्यापुढे सरकवली. राग होता, पण भूकही होती, मी जेवलो. मग म्हणालो, "इथे कुणी म्हणत नाही, सगळ्यांनी सारख्या पोळ्या आणा, नाहीतर उपाशी बसा."

ते चावायचे थांबले, मग हसायला लागले. "जेवताना कोंडीत पकडता राव. बरं, तुमच्या डिझेल-कपातीचा निम्मा वाटा आमच्याकडे लिहा. पण पुढच्या मीटिंगला नागलीच्या भाकरी पाहिजेत, सगळ्यांना."

उरलेला निम्मा इंजिनं नीट करून भागणार होता. साहेबांनीही मान डोलावली. मला इतकं हलकं वाटलं की चहाचे पैसे मीच दिले.

मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला पाड्यावरची एक बाई जेवू घालायची. तिची मुलगीही त्या कॉलेजातल्या मुलींपैकीच. त्याच गाडीने मी तिच्याकडे गेलो आणि नाचणीच्या इतक्या भाकरी कशाला हव्यात ते सांगितलं. परातीतला तिचा हात थांबला.

"गाडी बंद होनार व्हती?"

"होती. आता नाही."

ती पुन्हा पीठ मळू लागली. मग विचारलं, "येवल्याचा मानूस तिखट खातो का?"

मीटिंगच्या दिवशी पहाटे मी पेठच्या स्टँडवर उभा होतो. मुक्कामी गाडी आली. त्या बाईची मुलगी उतरली, खांद्याला कॉलेजची पिशवी आणि दोन्ही हातांत फडक्यात बांधलेल्या भाकरी. मी घेतल्या तर अजून ऊन होत्या.

"आयनं सांगितलंय, फडका परत पाठवा," म्हणाली आणि मैत्रिणींमागे कॉलेजकडे पळाली.