मिशांचा सरदार

शिरगावच्या अलीकडे माझ्या मावशीची मासळी वाळवायची जागा आहे. गेल्या वर्षी तिथे बोंबलांसाठी नवे बांबू रोवायला खड्डा खणला, तर माणसाची हाडं लागली. पोलीस आले, हाडं फार जुनी दिसली म्हणून निघून गेले. मग आमचं उत्खननाचं पथक आलं. सांगाडा बाईचा की पुरुषाचा हे ठरवणं माझं काम, पण गावाने ते माझ्याआधीच उरकलं होतं.

सांगाड्याशेजारी लोखंडी पातं निघालं होतं ना! झालं. जवळ किल्ला, म्हणजे हा किल्ल्यावरचा सरदारच. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला, त्यावर सरदाराला झुपकेदार मिशासुद्धा. मी अजून कवटीवरची माती झाडत होते! मावशीच्या जागेवर त्याचं स्मारक होणार, असं गावातल्या पुढाऱ्याने जाहीर करून टाकलं. जागा पिढ्यान्‌पिढ्या वापरातली, पण नावावर नाही. मावशीचं कोण ऐकतंय?

"सरदार उभा राहील, पन आमी बोंबील कुठं घालायचं?" ती मला विचारायची.

आमचे साहेब पुढाऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले. "दंडाची हाडं बघा, काय दणकट! पुरुषच." अहो, जन्मभर टोपल्या उचलणाऱ्या बाईचे दंड बघायचे तर नुसती मान वळवायची होती, मावशी मागेच उभी होती. मी कमरेचं हाड साफ केलं. मागच्या खाचेत अंगठा घातला, तो ऐसपैस हलला. पुरुषाच्या हाडात सहसा अडकतो. पुढच्या जोडाखालचा कोनही चांगला पसरट.

"बाई आहे," मी म्हटलं.

"नक्की?" पुढाऱ्याने असं विचारलं, जणू मीच तिला बाई केली होती. मग "बाईचं कसलं स्मारक," म्हणत उठला. संध्याकाळी फ्लेक्स उतरला. सकाळपर्यंत ज्या पात्याला सगळे तलवार म्हणत होते, त्याचा एकाएकी कोयता झाला.

माझं डोकं फिरलं होतं. तरातरा मावशीकडे गेले. ती मजेत बोंबील टांगत होती.

"बरं झालं गो, बाय निघाली."

आमच्या घरात मुली पुष्कळ झाल्या. हे वाक्य मात्र मी पहिल्यांदाच ऐकलं.