गोड तुळशीची पूड

आमच्या ह्यांना चहा म्हणजे पाक लागायचा. मधुमेह निघाला, गोळ्या झाल्या, इन्सुलिन सुरू झालं, तरी कपात साखर पडताना ह्यांची नजर माझ्या चमच्यावरून हलत नसे. शेवटी मी घरात साखर आणणंच बंद केलं, तर हे शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन प्यायला लागले. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, असंच चाललं तर आधी पाय जाईल, मग डोळे, मग किडनी. ते ऐकून दवाखान्यातून परतताना ह्यांनी वाटेत बत्ताशे घेतले. मी भर रस्त्यात भांडले, आणि बत्ताशे संपेपर्यंत हे शांतपणे ऐकत राहिले.

त्या पावसाळ्यात वळसंगचा माझा भाऊ नर्सरीतून स्टीव्हियाचं रोप घेऊन आला. "हिला गोड तुळस म्हणत्यात ताई," तो म्हणाला. "पाला सावलीत वाळवायचा, पूड करायची आन् साखरेच्या जागी घालायची. साखर वाढायची भानगडच न्हाय." मी एक पान चावून बघितलं. खरंच गोड होतं, लई गोड. मला त्या क्षणी रडू यायचंच बाकी होतं. वाटलं, चला, आता हा माणूस आपल्या हातून जात नाही.

रोप गच्चीवर तुळशीच्या शेजारी लावलं, तिथंच चुकलं. हे मंगळवेढ्याकडच्या शेतकरी घरातले. सगळी नोकरी एसटीच्या कार्यशाळेत इंजिनं उघडण्यात गेली, पण आंघोळ झाल्यावर तुळशीला पाणी घातल्याशिवाय कधी तोंडात घास घेतला नाही. दुसऱ्याच दिवसापासून नव्या रोपालाही पाणी आणि हळदकुंकू सुरू झालं. मग नियम आले. रविवारी पान तोडायचं नाही, एकादशीला तोडायचं नाही, दिवेलागणीनंतर तर हातसुद्धा लावायचा नाही.

"अहो, पूजेची तुळस वेगळी, ही वेगळी. हिचा पाला कापण्यासाठीच आणलाय," मी म्हणाले.

"तुळशीशेजारी लावलीस ना? मग तुळशीचं लगीन होईस्तोवर कात्री लावायची न्हाय. त्यानंतर काय करायचं ते कर."

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, पण कुंकवाची बोटं उमटलेल्या कुंडीत कात्री घालायला माझाही हात धजेना. मी थांबले.

तुळशीचं लग्न लागलं तोवर रोप पांढऱ्या बारीक फुलांनी भरून गेलं होतं. ह्यांना वाटलं, देवानेच आशीर्वाद दिला. मी भावाला फोन लावला तर तो ओरडलाच. "फुलायच्या आदी छाटायचं असतंय की गं! आता कसली गोडी ऱ्हातीय पाल्यात?"

तरी मी छाटलं. जुन्या लुगड्यावर पाला पसरला, वाळला तसा मिक्सरला फिरवला, मलमलच्या फडक्यातून चाळला. चहाला कडब्याचा वास आला. ह्यांनी कप मोरीत रिकामा केला, पायात चपला सरकवल्या आणि गाड्याकडे निघाले. जिन्यावरून उतरणाऱ्या त्या पाठीचा मला इतका राग आला होता, की आज आठवलं तरी जीव कळवळतो. स्वतःच्या पायांनी जिना उतरत होते ते.

संक्रांतीला पुन्हा हट्ट केला. गुळाऐवजी पूड घालून शेंगांच्या पोळ्या करायला बसले. दाण्याच्या कुटाला गूळ धरून ठेवतो, पुडीने काय धरणार? लाटतानाच सारण बाहेर आलं, तव्यावर करपलं. शिवाय पूड मी घातली गुळाच्या मापाने. जिथे चिमूट पुरते तिथे वाटी गेली, आणि पोळी कडूजार झाली. ह्यांनी एक घास घेतला आणि हसून म्हणाले, "नवऱ्याला मारायचंच असंल तर सरळ सांग की."

मी हसले नाही. चपलेने घासून ह्यांच्या अंगठ्याला फोड आला होता आणि तो काळा पडत चालला होता. तो अंगठा काढावा लागला. उन्हाळ्यात डोळ्यांपुढे पडदा आला.

पुढच्या पावसाळ्यात मला कुणी अडवलं नाही. ह्यांचं गच्चीवर येणंच संपलं होतं. कळ्या धरायच्या आत छाटलं, पाला हिरवागार वाळला, पूड पिठीसारखी निघाली. माप कळलं होतं. सगळं जसं करायला हवं तसं केलं. ह्यांनी घोट घेतला, थोडा वेळ जीभ फिरवली. "आदी गोड लागतंय, मागनं कडू येतंय." कप अर्धा ठेवून भिंतीकडे तोंड केलं. गाड्यापर्यंत जाणं आता जमण्यासारखं नव्हतं, म्हणून रोज अर्धा कप तेवढा पोटात जायचा. रोज त्यात मीच चिमूट टाकायचे आणि रोज वाटायचं, फार उशीर झाला.

झालाच होता. पाऊल गेलं, मग किडन्यांनी काम सोडलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हलक्या आवाजात सांगितलं, "आता पथ्याचा त्रास देऊ नका. मागतील ते द्या." याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ह्यांना घरी आणलं. मी वाण्याकडून पाव किलो साखर आणली, चहात पूर्वीसारखी घातली आणि बशीने पाजू लागले. पहिल्या घोटाला हे थांबले. मग सगळी बशी संपवली. कितीतरी दिवसांनी चेहरा उजळला होता.

"आज जमली बघ तुझी पूड," हे म्हणाले. "कडू येत न्हाय. साखरेवानीच लागतीय की."

ह्यांनी चाचपत माझं मनगट धरलं.

"आता रोज हीच घाल. मी पथ्य मोडत न्हाय. साखर उतरली की सुगीला गावाकडं जाऊन येऊ."

"जाऊ की," मी म्हणाले, आणि बशी पुन्हा भरली.