जाकीट बुधवारी खुर्चीवर बसायचं

मी तोंडाळ माणूस आहे. इथे चीनमध्ये, आमच्या ग्वेझोऊच्या डोंगरात आंबट रस्सा जास्त आंबट की थियेनची जीभ, असं माझीच गिऱ्हाइकं माझ्याच बाकावर बसून विचारतात. शाळेच्या फाटकासमोर माझं तांदळाच्या शेवयांचं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. फाटकातून आत कोण गेलं नि बाहेर कोण आलं, हे मला कुठल्याही यंत्राच्या आधी कळायचं. पण ही हकिकत माझी नाही. ती पान छाइयूनची आहे, मुलींच्या वसतिगृहावर बारा वर्षं असलेल्या मावशीची, आणि ज्यांनी तिला घालवलं त्यांचीही आहे. जिच्यासाठी हे सगळं झालं ती पोरगी, लानची, आता त्या शाळेत नाही, म्हणून सगळं उघड सांगता येतंय.

पान मावशी बुटकी, रुंद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. एकशे साठ मुली तिच्या ताब्यात. झोपायच्या वेळी ती मुली मोजायची ते तोंडं बघून नाही, पाय चाचपून. पांघरुणाखाली हात घालायची आणि मोजत पुढे जायची. पाय गार लागले तर गरम पाण्याची बाटली. पाय आखडलेले असले तर पोट दुखतंय. एक पाय दुसऱ्यावर घासत असला तर पोरगी रडतेय. मला म्हणायची, "थियेन, तोंड खोटं बोलतं रे. पाय कशाला खोटं बोलतील?" स्वतःला मात्र तिला खोटं बोलता यायचं नाही. बोलली की कान लाल व्हायचे.

ऊ लानची तिच्याकडे आली तेव्हा तेरा वर्षांची होती. बाप दूर ग्वांगतोंगला बुटांच्या कारखान्यात. आईनं घटस्फोट घेऊन शेजारच्या तालुक्यात दुसरं लग्न केलेलं. बापाच्या घरच्यांनी ठरवून टाकलं होतं की त्या बाईनं पोरीचं तोंड बघायचं नाही. घर डोंगरावर, तीन तासांच्या वाटेवर, तिथे आजी पहारा द्यायला. म्हणून लानची वसतिगृहात आली, आणि दर बुधवारी दुपारी बारा वाजता, जेवणाच्या सुट्टीत, तिची आई बसनं यायला लागली.

वसतिगृहामागे कपडे धुवायचा ओटा आहे आणि त्याच्या पलीकडे लोखंडी गजांचं कुंपण. आई बाहेर, लेक आत. आई गजांतून हात घालून तिची वेणी सोडायची, विंचरायची, परत घालायची. पानात बांधलेला चिकट भात द्यायची. वीस मिनिटं. पान मावशी दोघींकडे पाठ करून एकच चादर पुन्हा पुन्हा पिळत उभी राहायची. हे तिघींना ठाऊक होतं आणि मला, कारण आई बसमधून माझ्याच दारात उतरायची.

मग ती जाकिटं आली.

श्योंग मुख्याध्यापकांनी मैदानावर भाषण ठोकलं. निळी नवी जाकिटं, दोन्ही खांद्यांत शिवलेली एकेक काळी चकती, फाटकाला दोन खांब, प्रत्येक छताला, कुंपणाला आणि झेंड्याच्या खांबालाही पांढरी डबी. मूल कुठे आहे, किती वेळ आहे, वर्गात आहे की संडासात, सगळं पालकांच्या मोबाईलवर. पालकांनी प्रवेशाच्या कागदांबरोबर याच्यावरही अंगठे उठवले होते. वाचलं कुणी? सर शेवया खायला आले तेव्हा मी विचारलं, "सर, तुमच्या कोटात चकती कुठे शिवलीय?"

"थियेन, तू आपला रस्सा बघ."

"बघतोय ना. त्यात मीठ किती ते अजून मलाच कळतं."

ते हसले नाहीत. त्यांना हसू येतं ते फक्त जिल्ह्याचे साहेब आले की.

पहिल्याच आठवड्यात लानचीच्या आजीचा पान मावशीला फोन. पोरगी बुधवारी वीस मिनिटं मागच्या कुंपणाशी काय करत होती? "कपडे वाळत घालत होती," मावशी म्हणाली. कान टोमॅटोसारखे लाल झाले होते म्हणे, पण फोनवर कान दिसत नाहीत. पुढच्या बुधवारपासून तिनं लानचीचं जाकीट काढून घेतलं, आपल्या खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर चढवलं, वर गळ्यापर्यंत चेनही लावली. पोरगी नुसत्या स्वेटरवर कुंपणाशी गेली. मोबाईलवर दिसलं, लानची मावशीच्या खोलीत बसून आहे. माझ्या दुकानात येऊन हे सांगताना मावशी इतकी हसली की शेवई नाकात गेली.

असे सात-आठ बुधवार गेले.

मग एका सोमवारी झेंड्याच्या वेळी श्योंग सरांना आपलं यंत्र किती गुणी आहे ते मिरवायची हौस आली. मोठ्या पडद्यावर त्यांनी यादी लावली: मागच्या आठवड्यात एका दिवसात संडासात सगळ्यात जास्त वेळ कुणी घालवला. नाव, वर्ग, मिनिटं. वेळ वाया घालवणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून. पहिलं नाव ऊ लानची, सत्तेचाळीस मिनिटं. सरांनी ते माईकवरून वाचलं आणि विचारलं, "अभ्यासाला वेळ मिळत नाही, इथे बरा मिळतो?" नऊशे पोरं हसली.

त्या सत्तेचाळीस मिनिटांच्या दिवशी लानचीला पहिल्यांदा पाळी आली होती. ते फक्त पान मावशीला माहीत होतं. आता साऱ्या शाळेला माहीत झालं, कारण पोरं मूर्ख नसतात. संध्याकाळपर्यंत तिचं नाव "सत्तेचाळीस" पडलं. मी आयुष्यात पुष्कळ नीच माणसं पाहिली, उधारी बुडवणारी, तराजूत काटा मारणारी, पण तेरा वर्षांच्या पोरीला असं भर मैदानात उघडं पाडणारा हाच एक. माझा राग अजून उतरलेला नाही आणि उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

लानचीनं जेवण टाकलं. झोपेत दचकायला लागली, मग ताप भरला. मावशीनं तिला वसतिगृहाच्या आजारी खोलीत आपल्या डोळ्यांसमोर ठेवलं. तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर गोळ्या देऊन गेला. तीन दिवस ताप उतरेना. गुरुवारी संध्याकाळी मी भाताची पेज घेऊन गेलो तेव्हा मावशी वाटीत तांदूळ भरत होती आणि तांदळात अंडं उभं करत होती.

"पानताई, हे काय आता?"

"पोरीचा जीव मैदानात राहिलाय. हाक मारून आणते."

"गोळ्या चालू आहेत ना?"

"गोळ्या अंगाला. जीव काय गोळी खातो? तू इथे दारात थांब. मी हाक मारली की 'आली, आली' म्हण. नुसता बडबडू नकोस, तेवढंच म्हण."

आमच्याकडे हे असंच करतात. दचकलेल्या पोराचा कपडा, दचकताना अंगात होता तोच, खांद्यावर घ्यायचा, जिथे दचकलं तिथून घरापर्यंत नाव घेत यायचं. माझ्या आईनं माझ्यासाठी केलं होतं. मी हसत असतो, पण दारात उभा राहिलो. पोरं वर्गात संध्याकाळच्या अभ्यासाला बसलेली. मावशी लानचीचं निळं जाकीट डाव्या खांद्यावर टाकून झेंड्याच्या खांबाशी गेली, तिथे तीन फेऱ्या मारल्या आणि तांदूळ टाकत परत यायला लागली. "लानची, घरी ये गं! ऊन नको, वारा नको, घरी ये!" आणि मी, एवढा तोंडाळ माणूस, आजारी पोरीच्या दारात उभा राहून ओरडत होतो, "आली! आली!"

अंडं उकडून मावशीनं तिला भरवलं. तिनं निम्मं खाल्लं. चार दिवसांत पहिल्यांदा.

आणि आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. बुधवार-बुधवार त्या जाकिटाला खुर्चीवर बसवणारी बाई गुरुवारी तेच जाकीट खांद्यावर टाकून सगळ्या डब्यांखालून फिरवत होती! मी तिला नंतर म्हटलं, "दुसरं कुठलं घेतलं असतंस." तर म्हणाली, "दुसऱ्या जाकिटाला तिचा जीव ओळखेल का?"

शुक्रवारी सकाळी फाटकावर नोटीस लागली. ऊ लानची अभ्यासाची वेळ सोडून पंचवीस मिनिटं मैदानात भटकली. पालकांना मेसेज गेलेला आहे. वसतिगृहातून नाव कमी का करू नये, याचा निर्णय शनिवारच्या पालकसभेत. नाव कमी म्हणजे डोंगरावर आजीकडे, रोज तीन तास खाली आणि तीन तास वर. म्हणजे बुधवार संपले.

मावशी सरांकडे गेली. पोरगी तापानं पडून होती, जाकीट मी फिरवलं, म्हणून सांगितलं.

"पानबाई, भुताखेतांच्या गोष्टी मला सांगू नका. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

शनिवारी फाटकाशी दीडशे-दोनशे पालक जमले. जे परगावी होते ते मोबाईलवरून ऐकत होते. सर खांबाशेजारी माईक घेऊन उभे, बोलायला तोंड उघडताहेत तोच पान मावशी आतून चालत आली. अंगात लानचीचं जाकीट. बाह्या कोपरापर्यंतच पोचलेल्या, चेन पोटावर अडकलेली. ती फाटकातून बाहेर पडली, माझ्या दुकानापर्यंत आली, वळली आणि पुन्हा आत शिरली. खांब टिंग वाजला. पडद्यावर लानचीचा गोड फोटो आला आणि यंत्रातली बाई म्हणाली, "ऊ लानची, शाळेत स्वागत."

माझ्या दारातली एक म्हातारी म्हणाली, "अगंबाई, ही लानची बरीच जुनी झालीय की!" सगळी गर्दी फुटली. मी तर बाकावर बसून मांड्या बडवल्या.

तेवढ्यात मावशीचा मोबाईल वाजला. लानचीचा बाप. तिनं आवाज मोठा केला.

"मावशी, पोरगी शाळेत शिरली असा मेसेज आलाय. बाहेर कधी गेली ती? कुणाबरोबर?"

"कुठेही गेली नाही. पाच दिवस तापानं अंथरुणात आहे."

"ताप? मला कुणी सांगितलं नाही!"

"रोज किती मेसेज येतात तुम्हाला?"

"तीस... चाळीस येतात."

"त्यात ताप नव्हता?"

यावर श्योंग सरांनी माफी मागितली असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही श्योंग सरांना ओळखत नाही. त्यांनी ऑफिसमधून एक कागद मागवला.

"पानबाई, दर बुधवारी बारा ते साडेबारा हे जाकीट तुमच्या खोलीत दिसतं. जाकीट पोरीशिवाय फिरतं, हे तर आता तुम्हीच दाखवलंत. मग बुधवारी पोरगी कुठे असते?"

बाप फोनवर होता, ऐकत होता. मी मावशीच्या कानांकडे बघत राहिलो.

"जेवायला जाते, अजून कुठे?" ती म्हणाली. "जाकीट मी धुते. बाकीच्या पोरींना घरी आई धुऊन देते. हिची आई जवळ नाही. मग कुणी धुवायचं?"

कान लाल झाले नाहीत. एवढं सरळ, एवढ्या शांतपणे ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलली, आणि तेही पोरीच्या बापाला ऐकवून. फोनमधून आवाज आला, "उपकार झाले, मावशी." त्यावर मात्र तिनं मान खाली घातली.

यंत्राची जाकिटं हातानं धुवायला कागदावर बंदी होती, पाळत कुणी नव्हतं. सरांना तेवढंच पुरलं. लानचीची नोटीस काढावी लागली आणि तिच्या जागी मावशीची लागली: शाळेच्या साधनाची नासधूस, आजपासून कामावरून कमी. बारा वर्षांचं तिचं सामान एका गोणीत मावलं. पोरी खिडक्यांत दाटीनं उभ्या होत्या, पण रडायला एकीनंही तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर त्याचाही मेसेज गेला असता.

आणि सरांची अक्कल बघा. कुणी परत घरी धुऊ नये म्हणून त्यांनी हुकूम काढला, मुलींची सगळी जाकिटं शाळाच धुणार, दर बुधवारी दुपारी एकत्र टोपलीत टाकायची. बुधवारी बारा वाजता एकशे साठ मुली यंत्राला धुलाईखोलीत दिसायला लागल्या! आता भीती फक्त डोळ्यांची उरली. एक नवी मावशी, म्हणजे सरांची मेहुणी, आणि दुसरा फाटकावरचा रखवालदार, जो दुपारी कुंपणाला चक्कर मारायचा.

पान मावशी माझ्या दुकानात कामाला लागली, खारवलेली पालेभाजी चिरायला. गिऱ्हाइकांचे पाय गार आहेत का ते विचारायची आणि शिव्या खायची. पहिल्या बुधवारी लानचीची आई बसमधून उतरली आणि आम्हाला बघून तिथेच थांबली. पुढे जायची तिची हिंमत होईना.

त्या दिवशी मी प्रथमच फाटकाशी जाऊन रखवालदाराच्या नावानं बोंब ठोकली. तुमच्या खांबामुळे माझं गिऱ्हाईक तुटतं, तुमच्या पोरांनी माझा बाक मोडला, तोंडाला येईल ते. रखवालदार धावत आला, मेहुणी धावत आली, शेवटी सर स्वतः आले. मी सरांना अशा शिव्या घातल्या की त्यांना उत्तरं शोधायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात मागच्या कुंपणाशी लानचीची वेणी सुटून परत घातली गेली. माझ्या शिव्यांतली एकही मला खोटी द्यावी लागली नाही.

पुढची दोन वर्षं गाव म्हणायचं, थियेनला बुधवारी भूत लागतं. सरांनी दोनदा पोलीस बोलावले. लानची परीक्षा देऊन शहरातल्या शाळेत गेली तोवर मी एकही बुधवार चुकवला नाही. कधी कंटाळा यायचा, कधी घसा बसलेला असायचा. मग पान मावशी सुरी फडक्याला पुसायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची आणि म्हणायची, "थियेन, बारा वाजले. ऊठ, भांडायला जा."