तीन शब्दांची जागा

माझ्या लेकीने, रीमाने अनुवाद केलेलं नवं कॉमिक आज पोस्टाने आलं. ताज्या शाईचा वास आला आणि मला मिशिगनमधल्या नोव्हायच्या घरातलं जुनं डायनिंग टेबल आठवलं. इंजिनिअरचा जॉब सोडून ती तिथे फ्रेंच कॉमिक्स इंग्रजीत करत बसायची. चित्रांतले पात्रांच्या बोलण्याचे फुगे इवलेसे, म्हणून त्या मापाच्या चिठ्ठ्या कापून वाक्यं बसवून बघायची.

एकदा मी त्या सगळ्या कचऱ्यात टाकल्या. “चुकून गेल्या,” म्हणाले. चुकून नव्हत्या.

कांद्याच्या सालांतून तिने एकेक वेचली. “इट्स ओके, आई. ही बघ, यातली आई मुलीला सॉरी म्हणतेय. जागा तीनच शब्दांची आहे.”

“टेबल मोकळं कर, जेवायचंय,” मी म्हणाले.

त्या आईचं तीन शब्दांत भागलं. माझ्यापुढे अख्खं टेबल मोकळं होतं.