पाणी रोज येणारे गाव

चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या घरात दरवर्षी एक तरी पुस्तक येते. वडिलांपासूनची रीत आहे. कंधारला असताना एखाद्या वर्षी नवे कपडे झाले नाहीत, पण पुस्तक चुकले नाही. मागच्या जयंतीला नांदेडच्या एका स्टॉलवरून मी मुलीसाठी जाडजूड कादंबरी घेतली. मुखपृष्ठावर एकसारखी पांढरी घरे आणि सरळ रस्ते होते. मागे लिहिले होते, जिथे कोणी उपाशी नाही आणि कोणी भांडत नाही, अशा गावाची गोष्ट. मी तेवढेच वाचले. आदर्श गाव योजनेसारखे काही असेल, पोरांना उपयोगी पडेल, असे समजून घेऊन आलो.

जूनमध्ये मुलगी अकरावीसाठी लातूरला गेली. तिला डॉक्टर व्हायचे होते. ते पुस्तक तिने बरोबर नेले. वसतिगृह मीच निवडले. बरीच पाहिली. किती मुलींमागे एक संडास, पाणी किती वेळ, जेवणाची वेळ पाळतात का, असे माझे प्रश्न ठरलेले होते. या ठिकाणची उत्तरे सर्वांत चांगली निघाली. नांदेडला आमच्या भागात पाणी दोन-तीन दिवसांआड येते, इथे चोवीस तास होते. उठणे घंटेवर, जेवण घंटेवर. क्लासही त्यांचाच; रविवारी चाचणी झाली की सोमवारी गुणांप्रमाणे वर्गातल्या जागा बदलत. मला हे न्यायाचे वाटले. जागा आडनावावरून नाही, गुणांवरून.

फोन रविवारी, रेक्टरच्या टेबलावरून, स्पीकर चालू ठेवून. मुलगी म्हणायची, "जेवण चांगलंय. अभ्यास चांगला चाललाय. मी मजेत."

फोन ठेवला की बायको म्हणायची, "ही आपलीच पोरगी हाय का? घरी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायची."

"वळण लागलं," मी म्हणायचो.

दिवाळीनंतर रेक्टरचा फोन आला, येऊन भेटा. गेलो. बाई पन्नाशीच्या, बोलायला सभ्य. टेबलावर ते पुस्तक होते.

"अभ्यासाच्या वेळेत वाचत होती, सर. बाकीच्या मुलींनाही गोष्ट सांगते. असली पुस्तकं कोण देतं यांना?"

"मीच दिलंय."

"वाचून दिलं का?"

"नाही."

"मग आता वाचा. तिचा तास सुटायला वेळ आहे."

मी बाहेरच्या बाकावर बसून वाचू लागलो. गावात पाणी रोज येत होते. घरे सगळ्यांना सारखी होती. आडनाव कोणालाच नव्हते. इथे मी जरा थांबलो. नांदेडला भाड्याने खोली शोधताना आडनाव सांगितल्यावर किती खोल्या आधीच गेलेल्या निघाल्या, ते आठवले. सोळाव्या वर्षी प्रत्येकाला काम ठरवून मिळे, त्यामुळे बेकार कोणी नव्हते. बऱ्याच पानांपर्यंत मला त्या गावात खोट दिसली नाही. लिहिणाऱ्याची तक्रार कशाबद्दल आहे, तेच कळेना.

मग संध्याकाळचा प्रसंग आला. सगळे चौकात जमतात आणि एकेक जण पुढे येऊन सांगतो, माझे पोट भरले आहे, माझे काम चांगले चालले आहे, मी समाधानी आहे. वेगळे काही बोलणारा दुसऱ्या दिवशी गावात नसतो. त्याच्या घरात दुसरे कोणी राहायला येते. तो कुठे गेला, हे कोणी विचारत नाही.

ते पान मी पुन्हा वाचले. जेवण, काम, मी. क्रमसुद्धा तोच होता.

तास सुटल्यावर रेक्टरची परवानगी घेऊन मुलीला कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेले. चहा सांगितला.

"कशी आहेस?"

"मजेत."

"इथं स्पीकर नाही."

तिने चहा फुंकून एक घोट घेतला. "वाचलं का तुम्ही?"

"अर्ध्यापर्यंत."

"कसं वाटलं गाव?"

"पाण्याची सोय चांगली आहे."

तिला हसताना ठसकाच लागला. "मला वाटलंच होतं. तुम्ही तिथं खोलीसाठी अर्ज करून राहिले असते, पप्पा."

ठसका थांबला तसे हसूही थांबले. मग ती सलग बोलली. झोप लागत नाही. शेजारच्या बाकावरची मुलगी लई हसवायची, ती मागच्या महिन्यात निघून गेली. सोमवारी तिच्या जागेवर दुसरी बसली.

"कोणी विचारलं नाही ती कुठं गेली. मी पण न्हाई विचारलं. माझा नंबर एकानं वर सरकला, तर मला बरंच वाटलं, पप्पा."

"मग फोनवर सांगायचं."

"मॅडम समोर असतात. आणि तुम्ही काय विचारता? जेवण कसं, अभ्यास कसा. तेवढ्याचं उत्तर देते."

"घरी यायचंय?"

"हाव."

"आणि डॉक्टर?"

"ते पण व्हायचंय. नांदेडला क्लास न्हाईत काय?"

आहेत. घरचा गोंगाट, गच्चीवरची एकच खोली, हे मी तिला सांगून पाहिले. तिने सगळ्याला मान हलवली.

रेक्टरला सांगितले, मुलीला घेऊन जातो.

"वर्षाच्या मध्येच? नंबर चांगला आहे तिचा. तक्रार काय आहे, सर?"

"तक्रार नाही. सोय उत्तम आहे." मी खरेच बोललो होतो. "तिला घरी यायचंय."

"पोरांच्या म्हणण्यावर चाललं तर कसं व्हायचं?"

मी पुस्तक टेबलावर ठेवले. बाईंनी ते परत माझ्याकडे सरकवले. मुलीने ते पिशवीत टाकले आणि तिथेच उभी राहिली.

"मॅडम, माझ्या शेजारी बसायची ती कुठं गेली?"

बाईंनी सांगितले, "हिमायतनगरला, तिच्या घरी. तिला बरं नव्हतं."

"नंबर द्याल का?"

त्यांनी मोबाइलमधून शोधून दिला.

आता मुलगी नांदेडला क्लासला जाते. पहिल्या चाचणीत गुण लातूरपेक्षा कमी पडले, पुढचे माहीत नाही. पाणी आले की ड्रम भरायचे काम तिच्याकडे आहे. फोन खांद्याला दाबून ती हिमायतनगरच्या मुलीशी बोलत असते आणि ड्रम भरून वाहू लागतो. बायको आतून ओरडते. पाणी वाया जाते, ते मला अजून पटत नाही. नळ मी बंद करतो.