सोळाचं अक्षर

नीलकंठ पांढरीपांडे कधी कामाला नाही म्हणाला नाही, आणि कुरकुरल्याशिवाय त्याचा एक दिवस गेला नाही. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर तो पेन्शनर संघाच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. औषधाची चिठ्ठी छापणारा प्रोग्रॅमही त्यानेच लिहिलेला. मी शेजारी बसून नंबर पुकारायचो.

राधाबाई दर मंगळवारी चिठ्ठी परत घेऊन यायच्या. रेल्वेवाल्याची विधवा, घरी एकट्याच. डोळे गेले की पुतण्या आपल्याला नागपूरला नेईल, ही त्यांना धास्ती. तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे, हे गाव सोडून मला राहायचं नाही, म्हणायच्या.

"भाऊ, सकाळची गोळी कोणती लिहिली? मला दिसून नाही राहिलं."

"सोळाचं अक्षर आहे, राधाबाई! याहून मोठं म्हणजे दुकानाची पाटी. डोळे दाखवा," नीलकंठ कुरकुरायचा.

प्रोग्रॅममध्ये अक्षराचं माप सोळा लिहिलं होतं, म्हणजे ब्रह्मवाक्यच. त्यांनी दोनदा चष्मा बदलला. एकदा रात्रीची गोळी सकाळी घेतली आणि मोरीत पडल्या.

गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अक्षर अठरा करा. नीलकंठने केलं. चिठ्ठी जशीच्या तशी. वीस केलं, तेच. वैतागून त्याने चार ओळींचा कोड लिहिला: या फॉन्टमध्ये कोणकोणती मापं आहेत ते दाखव. फॉन्ट जुना, ठरलेल्या मापांतच यायचा. पडद्यावर आलं: आठ, दहा, बारा, चोवीस. सोळा नव्हतंच. नसलेलं माप मागितलं की मशीन गुपचूप त्याच्या खालचं वापरायचं. सात वर्षं आम्ही म्हाताऱ्यांना बाराच्या चिठ्ठ्या देत होतो आणि वर त्यांनाच दटावत होतो.

"साधी फूटपट्टी लावली असती तरी कळलं असतं," नीलकंठ खुर्चीत मागे टेकून म्हणाला. मला त्याचा राग आला आणि माझा त्याहून जास्त. चिठ्ठी तर रोज माझ्या हातून जायची.

चोवीसची चिठ्ठी छापून आम्ही राधाबाईंकडे गेलो. दारात गाठोडी बांधलेली होती. पुतण्या चिराग टेम्पो आणायला गेला होता. राधाबाईंनी चिठ्ठी हातात घेतली आणि सकाळ, दुपार, रात्र सगळं एका दमात वाचून काढलं.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत?"

नीलकंठने होकारार्थी मान हलवली. चूक कुणाची तेही सांगितलं.

"मग आधी काहून नाही पाहिलं, भाऊ? आंधळी होऊन राहिली म्हणून मी घर विकून टाकलं ना."